कशावर दळलं?

अप्पा गव्हाला भ्यायचे.

सापाला, विजेला, सोसायटीच्या चेअरमनला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. गव्हाच्या पोत्याजवळून जाताना नाकाला उपरणं लावणारा माणूस मात्र तो एकच. कुणी गिरणीवरून दळण घेऊन परस्पर त्यांच्या दारात आलं, की ते आतूनच ओरडायचे, "कशावर?"

आमच्याकडं गिरणीवर बायका हा प्रश्न रोज विचारतात. दगड एकच आणि त्यावर सगळ्या गावाची दळणं पडतात. आधी कुणाची बाजरी दळलेली असली आणि त्यावर आपला गहू टाकला, तर पोळी काळपट होते. म्हणून गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, असा रिवाज. बायका पोळीच्या रंगासाठी विचारायच्या. अप्पा जिवासाठी विचारायचे. त्यांच्या घरची ज्वारी ज्वारीवरच दळलेली हवी आणि ती आधीची ज्वारीही ज्वारीवरच पडलेली हवी. ही चौकशी इतकी मागं जायची, की ते लांबून दिसले तरी गिरणीवाला हात जोडायचा. पुढं पोरांनी त्यांचं नावच 'कशावर' पाडलं. "सरका बे, कशावर आले," असं म्हणत ती त्यांना वाट द्यायची.

आज गावात त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगतात. दुष्काळात नातीला शेंगदाणे चारून मारायला निघालेलं येडं म्हातारं, अशी. सांगणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलेलंही नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांतला मी उरलोय. ही गोष्ट खोटी आहे. शेंगदाण्याचा दोष नव्हता आणि अप्पांचाही नव्हता.

घाटनांदूरला तेव्हा आमची सहकारी तेलगिरणी होती. शेंगा आल्या, की तपासून घ्यायचं काम अप्पांकडं. प्रत्येक पोत्यात ते कोपरापर्यंत हात घालायचे, तळातली एक शेंग काढून फोडायचे, दाणा तोंडात टाकून डोळे मिटायचे. पोतं कुणाचं आहे हे ते बघायचे नाहीत. डोळे उघडून ते "घ्या" म्हणाले तर पोतं आत. नुसतेच थुंकले तर पोतं परत गाडीत. एकदा चेअरमनच्याच मळ्यातल्या शेंगांवर ते थुंकले. चेअरमन म्हणाले, "अप्पा, एखादा दाणा कडू निघतो की वो." अप्पा म्हणाले, "तो एखादाच शोधायला तुमी मला ठेवलंय न्हवं?"

मी त्यांच्या हाताखाली गोदाम सांभाळायचो आणि त्यांच्याच घरात पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो. विशीतला होतो, एकटा होतो. त्यांच्याकडं राहायच्या अटी मला पहिल्याच दिवशी सांगितल्या गेल्या. बाहेरून आलं की उंबऱ्याबाहेर कपडे झटकायचे. खानावळीत पोळी खाल्ली असेल तर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि चूळ भरायची. आणि छबूला काही म्हणजे काही द्यायचं नाही. अप्पा निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेत शिकलेले. काळजी घेणं, सावध राहणं, जपून वागणं, या सगळ्याला त्यांच्याकडं एकच शब्द होता. "एहतियात," ते बोट वर करून म्हणायचे. "माणूस एहतियातीनं जगतो. न्हाईतर जगत न्हाई."

छबू म्हणजे त्यांची नात, सहा वर्षांची. तिची आई, म्हणजे अप्पांची एकुलती मुलगी, सासरी वाळत वाळत गेली होती. रोज पोळी खायला मिळणारं सधन घर, आणि मुलगी काटकीसारखी. कुणाला काही कळलं नाही. मग पोरही तशीच दिसायला लागली. हातपाय काड्या, पोट नगारा. तेव्हा अप्पा तिला उचलून घेऊन आले आणि औरंगाबादच्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, हिला गहू सोसत नाही. कणसुद्धा द्यायचा नाही. आपल्या मुलीला कशानं नेलं, ते अप्पांना दवाखान्याच्या बाकावर बसून कळलं. आणि 'कणसुद्धा' हा शब्द त्यांनी जो धरला, तो कायमचा.

ज्वारीच्या मुलखात हे पथ्य सोपं होतं. भाकरी, वरण, ताक. छबू दोन वर्षांत अशी भरली, की अंगणातून पळताना तिच्या पायांचा आवाज यायला लागला. अप्पा ओट्यावर बसून तो आवाज ऐकायचे. तरी भीती गेली नव्हती. ती दुपारी झोपली, की ते कामावरून मधेच घरी येऊन तिच्या नाकापुढं बोट धरून जायचे. घरात काही नवीन पदार्थ आला, तर आधी ते स्वतः खायचे आणि मग कितीही रडली तरी तिला दुसऱ्या दिवसापर्यंत द्यायचे नाहीत. "रात निघू दे," म्हणायचे. रात्र निघाली, पोटात काही झालं नाही, तर सकाळी तिला.

या रिवाजात एक भोक होतं. अप्पांच्या पोटाला गहू चालत होता. त्यांना काही झालं नाही, म्हणजे तिला होणार नाही, असं त्यातून ठरत नव्हतं. इतक्या भ्यालेल्या, इतक्या सावध माणसाच्या हे ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

मग दुष्काळ आला. बहात्तरचा. त्याचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आहे आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते खरं वाटत नाही. एवढंच सांगतो, की ज्वारी दिसेनाशी झाली. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी, यायचा, तोही कधी यायचा, कधी नाही. बाकी सगळा गहू. खडी फोडायला जाणाऱ्यांना सुकडी मिळायची, ती गव्हाची. शाळेत पोरांना कधी सुकडी, कधी बिस्किटं. सगळं गाव गव्हावर जगत होतं. आमच्या घरात मात्र साथ आल्यागत दारं लावून बसायचं. मिलोच्या पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असायचे. अप्पा अंगणात फडकं पसरून एकेक निवडायचे. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी निवडायचे. वारा सुटला तर पाठ करून बसायचे, शेजारच्या सुपातला कोंडा उडून येईल म्हणून.

एका दुपारी छबू शाळेतून परत आली नाही. मी शोधायला गेलो, तर ती शाळेच्या मागच्या भिंतीशी उकिडवी बसलेली. पोरांनी बिस्किटं खाल्ली होती, त्याचा चुरा मातीत पडला होता. ती बोट तोंडात ओलं करायची, चुऱ्यावर दाबायची आणि चाटायची. मला बघून तिनं हात पाठीमागं लपवला.

अप्पांनी तिच्या घशात बोटं घालून ओकायला लावलं. टँकरच्या पाण्याचा अख्खा तांब्या तिचं तोंड धुण्यात घालवला. ती आधी रडली, मग रडायची थांबली आणि विचारलं, "सगळ्यास्नी हाय. मलाच कावून न्हाई?"

अप्पांनी रिकामा तांब्या पालथा घातला. थोड्या वेळानं मला म्हणाले, "आज माती चाटली. उद्या कुणाच्या हातातून हिसकून खाईल. किती दिस राखू? हिला हिचं बिस्किट पायजे."

घरात अप्पांच्या शेतातले शेंगदाणे होते, दोन पोती, पुढच्या पेऱ्यासाठी राखलेलं बियाणं. ती पोती उघडताना त्यांनी मला आत बोलावलं नाही. बियाणं खायला काढणं म्हणजे पाऊस येणार नाही असं आपल्या तोंडानं म्हणण्यासारखं होतं. ते त्यांना एकट्यानंच करायचं होतं.

आणि मग आमच्या घरात बिस्किटांचा कारखाना सुरू झाला. गिरणीतला तेलाचा रिकामा डबा आडवा पाडला, त्यात पत्र्याची फळी बसवली, वर निखारे, खाली निखारे. दाणे भाजून, सोलून, उखळात कुटायचे. ते काम माझं. दाण्याचं पीठ करणं गव्हासारखं नाही. मुसळ जोरात मारलं, की तेल सुटून लगदा होतो. हळू मारावं, थांबावं, निवू द्यावं, धोतराच्या फडक्यातून चाळावं, उरलेलं पुन्हा कुटावं. सकाळभर कुटून ओंजळभर पीठ. माझ्या तळहातांना फोड आले, तर अप्पा म्हणाले, "येऊ दे. फोडात गहू न्हाई."

पीठ, गूळ आणि जरा तेल. पहिलं बिस्किट डब्यातून काढताना अख्खं होतं, हातात घेतलं आणि भुगा झाला. छबूनं तळहातावरचा भुगा बघितला. "हे बिस्किट न्हाई. हे कूट हाय."

"खाऊन तर बघ."

"बिस्किट धरून खात्यात. मोडलं की कट्ट वाजतंय."

ही अट अप्पांनी कुठल्याही साहेबाच्या हुकमापेक्षा जास्त मानली. बिस्किटानं धरलं पाहिजे आणि मोडताना कट्ट वाजलं पाहिजे. गुळाचा पाक वाढवला तर छबू म्हणाली, ही चिक्की हाय. बाभळीचा डिंक घातला तर अप्पांची वरची दाढ हलली आणि छबू दोन दिवस हसत होती. जवस उकळून त्याचा चिकट काढा घातला. बिस्किट धरलं, पण चामड्यासारखं वाकलं, मोडेना. तेल जास्त होतंय म्हणून दाणे तेलगिरणीच्या घाण्यात दाबून तेल काढलं आणि राहिलेली पेंड कुटली. ते गावानं बघितलं. "अप्पा नातीला पेंड चारतोय, आता दावणीला बांधल," असं चावडीवर बोलायला लागले. पेंडीचंही बिस्किट भुगाच झालं.

दर वेळी अप्पा आधी स्वतः खायचे. दर वेळी रात निघू द्यायचे. सकाळी छबूला तो भुगा वाटीत घालून मिळायचा. ती चमच्यानं खायची, तोंड वाकडं करायची, पण खायची. तिच्या गालावर पुन्हा जरा मांस दिसायला लागलं होतं. आज मला कळतं, की एवढं पुरेसं होतं. पोर भुग्यावर जगत होती. पण तिचे डोळे शाळेकडं होते आणि अप्पांना त्या डोळ्यांची भीती वाटत होती.

त्या दिवशी टँकर येणार होता. कधी येईल ते ठाऊक नव्हतं. हॉर्न वाजला की पळायचं. रांगेत घागर नसली, तर पुढच्या टँकरपर्यंत थेंब नाही. अप्पा चुलीला लाकडं शोधायला गेलेले. माझ्यापुढं टोपलंभर दाणे कुटायचे पडलेले आणि फोड फुटलेले. पिठाची गिरणी चार पावलांवर. मी दाणे घेऊन गेलो.

गिरणीवाला टोपल्यात बघून हसला. "दाणा? तेल सुटून दगड बसंल बे."

"थोडंच हाय. हळू सोडा."

"नुसता न्हाई जात. ओंजळभर गहू संगट टाकावा लागतो, तवा दगड मोकळा राहतो." त्यानं गव्हात हात घातलाही. मग मला ओळखून थांबला. "हे कशावरच्या घरचं का काय?"

मी टोपल्यातले दाणे हातानं सारखे केले.

"एवढ्यानं काय व्हतंय? औषधाला दिसायचा न्हाई." त्याची ओंजळ हवेत थांबली होती. तेवढ्यात वेशीकडं हॉर्न वाजला. मी मान हलवली. एकदाच. त्यानं गहू सोडला, दाणे सोडले, दगड जड झाला तशी आणखी एक ओंजळ सोडली. पीठ असं मऊ आणि पांढुरकं पडलं, की तसं मी कधी कुटलं नव्हतं. घागरी भरून मी घरी आलो, तेव्हा मला वाटत होतं, दोन्ही कामं झाली.

अप्पांनी पीठ चिमटीत घेतलं. "लई बारीक झालं आज. कुटलंस?"

"कुटलं."

त्यांनी 'कशावर' विचारलंच नाही. उखळातल्या पिठाला तो प्रश्न नसतो.

संध्याकाळी त्यांनी डब्यातून पत्रा ओढला आणि एक बिस्किट उचललं. ते उचललं गेलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि मोडलं. कट्ट. अप्पांच्या तोंडाकडं मी बघितलं. एवढी वर्षं बरोबर राहून त्या चेहऱ्यावर जे कधी पाहिलं नव्हतं, ते तिथं होतं. भीती नव्हती. "धरलं!" ते ओरडले. "धरलं रे! तुझ्या हाताला यश हाय!" त्यांनी माझे फुटलेले तळहात धरून डोळ्यांना लावले.

मी हात सोडवून घेतले. का धरलं, ते मला कळलं होतं. डिंकानं धरलं नाही, पाकानं धरलं नाही, ते कशानं धरलं?

सांगायला अख्खी रात्र होती. अप्पांनी एक बिस्किट खाल्लं आणि नेहमीप्रमाणं रात निघू द्यायची म्हणून बाकीची फडताळात ठेवली. मी पडल्या पडल्या वाक्य जुळवत होतो. अप्पा, मी गिरणीवर गेलतो. एवढंच वाक्य. पण त्या वाक्यानंतर त्यांचं तोंड कसं होईल ते मला दिसायचं. खोली जाईल, काम जाईल, याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती, ज्या हातांना त्यांनी डोळे लावले त्या हातांकडं ते कसे बघतील याची होती. मग मी गिरणीवाल्याचं वाक्य स्वतःला ऐकवलं. एवढ्यानं काय व्हतंय.

सकाळी छबूनं बिस्किट धरलं. कानाजवळ नेऊन मोडलं. कट्ट. ती हसली आणि खाल्लं. मी उंबऱ्यात उभा राहून तिच्या घशाकडं बघत होतो. घास खाली गेला. दुसरं तिनं शाळेत नेलं, सगळ्यांना दाखवायला. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी देवळात जाऊन नारळ कबूल करून आलो. अप्पा उरलेल्या पिठाची बिस्किटं रोज भाजत होते आणि ती रोज धरत होती.

मग छबू खेळायची थांबली. ओट्यावर पोट दाबून बसायला लागली. मग जुलाब सुरू झाले. गावात प्यायला पाणी नाही आणि पोरीच्या अंगातलं पाणी थांबेना. डोळे आत गेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. आम्ही तिला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. गाडीत अप्पा सगळ्या वाटेनं तिच्या नाकापुढं बोट धरून होते. मधेच बोट काढून स्वतःच्या गालाला लावायचे, श्वास खरा लागतोय की भास होतोय, ते बघायला.

डॉक्टरनं सलाईन लावलं, औरंगाबादचा कागद वाचला आणि विचारलं, "गहू खाल्लाय का हिनं?"

"मी मरंन पन खाऊ द्यायचो न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही, साक्षीला. "इचारा ह्याला. कणसुदीक न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "न्हाई."

"मग नवीन काय खाल्लं?"

"दाण्याची बिस्किटं," अप्पा म्हणाले.

डॉक्टरनं थोडा विचार केला. जे सांगितलं गेलं, त्यावरून दुसरं काय म्हणणार? "मग दाणाही सोसत नाही हिला. तोही कायमचा बंद."

अप्पांनी आपल्या हातांकडं बघितलं. बराच वेळ. मग ते हात त्यांनी मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसून राहिले.

छबू वाचली. पण एहतियातीचा जो माणूस होता, तो तिथं संपला. घरी येऊन त्यांनी तेलाचा डबा ठेचून चपटा केला. उरलेलं बियाणं सोसायटीत नेऊन टाकलं. ती ज्या भुग्यावर जगत होती, तोही बंद झाला. मग खायला घालायचं काय? त्यांची एक बहीण निजामाबादकडं दिली होती, भाताच्या मुलखात. छबूला तिथं पाठवायचं ठरलं. स्टेशनवर ती खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती. अप्पांनी तो हात धरला नाही. लांब उभे राहून म्हणाले, "आत घे. लागंल."

ती सुट्टीला यायची, तेव्हाही मी पाहिलं. ते तिचं ताट वाढायचे नाहीत. शेजारच्या बाईला बोलवायचे आणि आपण अंगणात जाऊन उभे राहायचे. तिच्या हातात पाण्याचा पेलासुद्धा द्यायचे नाहीत, खाली ठेवायचे. एकदा मला म्हणाले, "गव्हाला भीत व्हतो, ते बरं व्हतं. गहू बाहीर असतो. आता माझंच भ्या वाटतंय." मी तेव्हाही बोललो नाही. त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. शेवटच्या दिवसांत शेजारीण पेज घेऊन आली, की डोळे न उघडता विचारायचे, "कशावर?" आता विचारायचं काही कारण उरलं नव्हतं. पेज त्यांच्यासाठीच होती.

यंदा माझ्या नातसुनेच्या बचत गटानं बिस्किटं करायला घेतली. पुण्याला मागणी आहे म्हणे, गव्हाशिवायच्या बिस्किटांना. बदामाचं पीठ महाग, म्हणून शेंगदाण्याच्या पिठावर प्रयोग चालू होते. ओसरीवर ताटंच्या ताटं भुगा पडला होता. "आबा, धरतच न्हाई बघा," ती वैतागून म्हणाली. "गव्हात एक चिकटपणा असतो, तो धरून ठेवतो. तो न्हाई, मग हे असं." जे मला पन्नास वर्षं माहीत होतं, ते ती मला नवीन म्हणून समजावून सांगत होती. मी उठून आत गेलो. माळ्यावरचं उखळ खाली काढायला सांगितलं.

छबूला कडा गावी दिलेली. तिचा पत्ता मला कायम माहीत होता, हेही लिहून टाकतो. बीडला गाडी बदलून गेलो. साठीच्या जवळ आलेली, केस पांढरे, पण अंगणातून येताना पायांचा आवाज तोच. मला ओळखायला तिला वेळ लागला, मग "काका!" म्हणून तिनं पाट मांडला. त्या दिवशी तिचा उपवास होता. साबुदाण्याची खिचडी होती, दाण्याच्या कुटाशिवाय. "आमच्या घरात दाणा येत न्हाई," ती हसून म्हणाली. "लेकरांना बी कधी दिला न्हाई. सून म्हनती, खिचडी रबरागत लागती. पर मला दाणा दिसला तरी छातीत धडधडतं. लहानपनी मरता मरता वाचले न्हवं मी."

मी सांगितलं. टोपलं, हॉर्न, गव्हाची ओंजळ, मी हलवलेली मान, डॉक्टरला दिलेलं उत्तर. एकदा सुरू झाल्यावर थांबलो नाही, थांबलो असतो तर परत जमलं नसतं.

तिनं खिचडीची ताटली बाजूला सारली. रागावेल, हाकलून देईल, या तयारीनंच मी गेलो होतो. ती बोलली तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"अप्पा मला हात लावत न्हवते, काका. स्टेशनावर मी हात बाहीर काढून बसले व्हते. मला वाटायचं, मी आजारी पडून लई तरास दिला, म्हनून त्यांना नकोशी झाले. जलमभर तेच वाटलं."

मी पिशवीतून डबा काढला. त्यात मी केलेली बिस्किटं होती. झाकण उघडलं, तर गाडीच्या धक्क्यांनी सगळ्याचा भुगा झालेला. तिनं वाकून बघितलं आणि झटकन मागं सरकली. पदर नाकाला लावला, अगदी अप्पांसारखा. मग हळूहळू पदर खाली आला.

"कशावर दळलं?" तिनं विचारलं.

"दळलं न्हाई, बाय. कुटलंय. उखळात. मी सोता."

तिनं माझ्या तळहातांकडं बघितलं. फोड ताजे होते. मी चिमूटभर घेऊन आधी माझ्या तोंडात टाकली. मग आठवलं, माझ्या खाण्यानं काहीच सिद्ध होत नाही. तेही मी तिला सांगितलं.

तिनं चिमूट उचलली. त्यातली अर्धी तिच्या मांडीवर सांडली. डोळे मिटून तिनं ती जिभेवर ठेवली. मी तिच्या घशाकडं बघत होतो, तसंच, जसं तेव्हा उंबऱ्यात उभा राहून बघितलं होतं. घास खाली गेला.

माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. मी काठी घेऊन उठायला लागलो, तशी तिनं माझी पिशवी उचलून आपल्या मागं ठेवली.

"आता कुठं जाता, काका?" ती म्हणाली. "बसा. रात निघू द्या."